कुटुंब, गाव आणि मनाचे आरोग्य: खानदेशातील लोकसहभागी आरोग्य संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत कौटुंबिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य यांविषयीच्या अभ्यासांसाठी आमचे पथक गावोगावी फिरताना जे प्रश्न ओट्यावर, अंगणवाडीत, ग्रामसभेत आणि कधी कधी परतीच्या एस.टी.त विचारले गेले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. काही प्रश्न कुटुंबांचे आहेत, काही आशाताईंचे आणि काही नव्याने या कामात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे. ज्या उत्तरांवर आमच्यातच मतभेद आहेत, तेथे तसे सांगितले आहे.

लोकसहभागी संशोधन म्हणजे नेमके काय? सर्वेक्षणवाले तर नेहमीच येतात.

नेहमीच्या सर्वेक्षणात प्रश्न बाहेर ठरतो, उत्तर गावातून घेतले जाते आणि निष्कर्ष पुन्हा बाहेरच जातो. लोकसहभागी संशोधनात प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्षाचा अर्थ लावण्यापर्यंत गावातील माणसांना बोलण्याचा, बदल सुचवण्याचा आणि नको म्हणण्याचा अधिकार असतो. गावकऱ्यांना सतरंजीवर बसवून माहिती सांगणे आणि शेवटी उपस्थितीच्या वहीवर सह्या घेणे याला सहभाग म्हणता येत नाही, मग अहवालात त्या सभेचे छायाचित्र कितीही मोठे छापलेले असो.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सुरू केलेल्या कामात गावातल्या स्त्रियाच आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेने प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. असा प्रयोग न झालेल्या ४७ गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या भागापुरते बोलायचे तर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला गावानेच गुण द्यायचे, ही गोष्ट येथल्या अनेक पाड्यांना तेव्हापासून ठाऊक आहे.

शरीराच्या आजारांबरोबर मनाचे प्रश्न कशासाठी विचारता? आमच्या घरात कोणी वेडे नाही.

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे, कारण मनाचा आजार म्हटले की अजूनही डोळ्यांसमोर केवळ वेड येते. प्रत्यक्षात येथे ज्या तक्रारींबद्दल विचारले जाते त्या फार साध्या असतात: झोप न लागणे, अंगात बळ नसल्यासारखे वाटणे, जीव घाबरणे, कामात मन न लागणे, दारू किंवा तंबाखू सोडता न येणे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

शिवाय शरीर आणि मन यांची खाती वेगवेगळी असतात ती रुग्णालयाच्या इमारतीत. घरात ती एकच असतात. ज्याला मधुमेह आहे आणि ज्याचे कशातच मन लागत नाही, तो गोळी विसरतो, चालायला जात नाही, तपासणीची तारीख टाळतो. मग साखर वाढते आणि साखर वाढली म्हणून आणखी खचतो. शरीर, मन आणि माणसाची सामाजिक परिस्थिती यांचा एकत्र विचार केल्याशिवाय आजार समजत नाही, हे अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ साली सविस्तर मांडले. आपल्याकडची आजी तेच ‘त्याने जिवाला लावून घेतले’ एवढ्या शब्दांत सांगते. गोळी घेणे, न घेणे, खाणे, पिणे, झोपणे, भांडणे, गप्प राहणे या सगळ्याला संशोधनात ‘आरोग्यवर्तन’ म्हणतात आणि अभ्यासाचा मोठा भाग त्याविषयी असतो.

एका रुग्णाऐवजी संपूर्ण कुटुंबाचा अभ्यास का?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घेतले की हे सर्वांत लवकर लक्षात येते, कारण सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार आहे आणि त्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी तो पुढच्या पिढीत जाऊ शकत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, बाळ केवळ वाहक असण्याची शक्यता चारात दोन आणि बाळ पूर्ण निरोगी असण्याची शक्यता चारात एक इतकी असते. म्हणजे हा आजार एकट्या आईकडून येऊच शकत नाही. तरीही दोष सुनेच्या माथी मारला जातो, तिला माहेरी धाडले जाते, पुढच्या बाळंतपणाची ती धास्ती घेते, मुलाला दुखण्याचे झटके आले की त्याची शाळा बुडते, बापाची मजुरी बुडते आणि घरात उधारी वाढते. यांतील रक्ताची तपासणी सोडली तर बाकी काहीही प्रयोगशाळेत दिसत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी ठरवली आहे. तपासणीनंतर हातात पडलेल्या कार्डाचे घरात काय होते, ते पेटीत जपून ठेवले जाते, सोयरिकीच्या वेळी लपवले जाते की दाखवले जाते, हे मात्र कुटुंबात बसूनच कळते.

कुटुंब म्हणजे कोण, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शिधापत्रिकेवर एकत्र असलेली पण चुली वेगळ्या असलेली माणसे, सुरतेला कामाला गेलेला आणि पैसे पाठवणारा मुलगा, नातवंडांना सांभाळणारी आजी, यांत कोणाला धरायचे आणि कोणाला नाही हे आम्ही प्रत्येक गावात तेथल्या लोकांना विचारून ठरवतो. बहुतेक ठिकाणी ‘एका चुलीवर जेवणारे आणि त्या चुलीसाठी कमावणारे’ ही व्याख्या मान्य होते.

अभ्यासाचा विषय कोण ठरवते?

खरे सांगायचे तर अर्धा विषय निधी देणारे ठरवतात. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या कामासाठी पैसा मंजूर झाला आहे त्याची चौकट आधीच आखलेली असते. त्या चौकटीत काय भरायचे हे गाव ठरवू शकते आणि चांगल्या पथकाने ते ठरवू दिले पाहिजे. आदिवासी भागांत १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेचे स्थान विशेष आहे, म्हणून तेथे पाड्याच्या ग्रामसभेपुढे विषय मांडल्याशिवाय काम सुरू करू नये. इतरत्र ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक ही योग्य जागा आहे, जर ती समिती केवळ कागदावर नसेल तर.

याशिवाय आठ-दहा गावकऱ्यांचा सल्लागार गट असतो. त्यात सरपंच आणि पोलीस पाटील आपोआप येतात. खटपट करून आणावी लागतात ती म्हणजे परित्यक्ता स्त्री, सालदार, दारू सोडलेला माणूस आणि शाळा सोडलेली मुलगी. गट भरवताना आम्ही आता एक नियम पाळतो: पहिल्या दोन बैठकांत बाहेरून आलेल्या कोणीही सूचना करायची नाही, फक्त ऐकायचे आणि लिहायचे.

प्रश्नावली मराठीत असताना ती अहिराणीत, लेवा बोलीत किंवा पावरीत पुन्हा करण्याची काय गरज?

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस, आणि दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढची तपासणी करावी असा सर्वसाधारण संकेत आहे. पहिलाच प्रश्न कामात रस किंवा आनंद न वाटण्याविषयीचा आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात निंबाच्या सावलीत सात-आठ बायकांपुढे तो वाचला, “गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कशात रस वाटला नाही, असे किती दिवस झाले?” शेंगा फोडत बसलेल्या एका काकूंनी मान वर न करता उत्तर दिले, “रस तं आखाजीले करतस.” आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आणि रस म्हणजे आमरस. सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, आणि कागदावरचा तो शब्द तेथेच खोडला. मग त्याच काकूंनी सांगितले की असे काही झाले की बाई म्हणते, “माले काही गोड लागत नही.” पुढच्या आवृत्तीत तेच वाक्य गेले.

‘दोन आठवडे’ हेही तसेच अडले. तारखांनी दिवस मोजणारे घरात कमी असतात, पण आठवडी बाजार कोणीच विसरत नाही, म्हणून ‘मागच्या दोन बाजारांपासून’ असे विचारले की उत्तर अचूक येते. दारूविषयीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांत ‘पेय’ हे माप ठरावीक असते. मोहाच्या घरगुती दारूला ते लागू पडत नाही, कारण ती कधी पेल्याने, कधी बाटलीने घेतली जाते आणि तिची तीव्रता प्रत्येक भट्टीची वेगळी असते. अशा वेळी घरातला पेला मागून घेऊन पाण्याने माप काढावे लागते.

भाषांतराचा रीतसर क्रम असा असतो की दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, ते जुळवायचे, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत उलटे भाषांतरित करायचे आणि मग गावातल्या माणसांपुढे एकेक प्रश्न वाचून ‘तुम्हाला यातून काय समजले’ हे विचारायचे. वेळ कमी पडला की शेवटची पायरी गाळली जाते. आमच्या मते गाळायचीच असेल तर आधीची एखादी गाळावी.

संमतीपत्रावर अंगठा दिला म्हणजे आम्ही बांधले गेलो का?

नाही. संमती देणाऱ्याला कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता अभ्यासातून बाहेर पडता येते आणि त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातील उपचार, रेशन किंवा कोणत्याही योजनेचा लाभ थांबत नाही. कोणी तसे सुचवले तर ते चुकीचे आहे, हे निःशंकपणे सांगावे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक सूचनांनुसार वाचता न येणाऱ्या व्यक्तीला पत्र मोठ्याने वाचून दाखवताना पथकाबाहेरचा एक निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो आणि त्याचीही सही घ्यावी लागते. सरपंचांची किंवा कुटुंबप्रमुखाची परवानगी ही दारातून आत येण्याची परवानगी आहे. ती घरातल्या इतर प्रौढांच्या वतीने दिलेली संमती होत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते, त्याशिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढील मुलाचा लेखी होकारही लागतो. मुलाने मान हलवून नाही म्हटले तर बापाची सही असूनही थांबायचे असते.

घरातील एकाने नकार दिला तर बाकीचे सहभागी होऊ शकतात, मात्र नकार देणाऱ्याविषयीची माहिती इतरांकडून काढून घेतली जाणार नाही. व्यवहारात हे अवघड जाते, कारण नवऱ्याच्या दारूबद्दल न बोलता बायको आपल्या झोपेबद्दल कशी बोलणार? अशा ठिकाणी तिच्या अनुभवापुरते लिहून घ्यायचे आणि त्याच्या आजाराविषयीचे प्रश्न गाळायचे, असा मार्ग आम्ही काढला आहे. तो सर्वांना पटतोच असे नाही.

सुनेशी एकटीशी बोलायचे आहे, असा आग्रह का? सासू समोर बसली तर काय बिघडले?

सासूबाई समोर बसल्या तर उत्तरे सासूबाईच देतात. यात त्यांचा वाईट हेतू असतो असे नाही. बाहेरच्या माणसापुढे घराची बाजू सांभाळणे हे त्या आपले काम समजतात. म्हणून आमच्या पथकातल्या दोघीजणी एकाच वेळी घरी जातात आणि एक सासूबाईंशी त्यांच्या गुडघ्यांविषयी, रक्तदाबाविषयी मनापासून बोलत असताना दुसरी सुनेशी मागच्या पडवीत बसते. सासूबाईंची मुलाखत ही अडथळा दूर करण्याची युक्ती नसून तीही अभ्यासाचाच भाग आहे, आणि अनेकदा तिथेच जास्त काही सापडते.

येथे एक गोष्ट अनुभवाने कळली. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात. सासरी ज्या बाईने वर्षभर ‘सगळे बरे आहे’ एवढेच सांगितले होते, तीच माहेरच्या ओट्यावर दोन तास बोलते. परंतु तिचे नाव सासरच्या गावाच्या यादीत असते आणि नियमाप्रमाणे मुलाखत तेथेच व्हायची असते. आता आम्ही नीतिसमितीकडून, म्हणजे संशोधन नैतिक आहे की नाही हे तपासणाऱ्या समितीकडून, आधीच मान्यता घेऊन मुलाखतीचे ठिकाण निवडण्याचा हक्क बाईलाच देतो.

आम्ही सांगितलेले गावभर होणार नाही याची खात्री काय?

नावाऐवजी क्रमांक, कुलूपबंद कपाट, ध्वनिमुद्रण लिहून झाल्यावर पुसून टाकणे, या गोष्टी सर्वच पथके सांगतात आणि बहुतेक पाळतात. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. धडगावच्या डोंगरात एखाद्या पाड्यावर तीसच घरे असतील आणि अहवालात ‘दोन मुलांना सिकलसेल असलेली, नवरा गुजरातेत असलेली स्त्री’ एवढे छापले, तर नाव न घेताही तिला सगळा पाडा ओळखतो. म्हणून अशा ठिकाणी पाड्याचे नाव, मुलांची संख्या आणि व्यवसाय यांपैकी काही तपशील मुद्दाम वगळले जातात.

एक चूक आमच्या हातून झालेली आहे आणि ती येथे सांगणे योग्य वाटते. काही वर्षांपूर्वी मी ज्या अभ्यासात काम करत होतो, त्यात नैराश्याच्या प्रश्नावलीत जास्त गुण आलेल्या लोकांनाच दुसऱ्या मुलाखतीसाठी शाळेच्या एका खोलीत बोलावले होते. खोली चांगली होती, पंखा होता, पाण्याची सोय होती. दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरे त्या खोलीला ‘डोक्याच्या पेशंटची खोली’ म्हणू लागली आणि तिसऱ्या दिवशी कोणीही आले नाही. खोली मीच निवडली होती. त्यानंतर आम्ही कमी गुण आलेल्या काही लोकांनाही त्याच रांगेत बोलावतो, आणि त्या खोलीत रक्तदाब सर्वांचाच मोजतो.

गोपनीयतेला एक मर्यादा आहे आणि ती आधीच सांगितली जाते. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे, आणि कोणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प राहता येत नाही.

जीव नकोसा झाला आहे, असे कोणी मुलाखतीत सांगितले तर तुम्ही काय करता?

मुलाखत थांबते. वही मिटली जाते, त्या व्यक्तीला एकटे सोडले जात नाही, आणि त्याच दिवशी पथकातील प्रशिक्षित समुपदेशकाशी आणि त्यांच्यामार्फत डॉक्टरांशी बोलणे होते. घरातल्या कोणत्या माणसाला सांगायचे हे त्या व्यक्तीलाच विचारले जाते, कारण कधी कधी ज्याला सांगायचे तोच दुःखाचे कारण असतो. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीचे औषध घरातच, माळ्यावर किंवा खाटेखाली ठेवलेले असते. ते त्याच दिवशी शेजाऱ्याकडे किंवा कुलपात हलवणे हा सर्वांत साधा आणि लगेच करता येणारा उपाय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक अभ्यासात नसलेल्या कोणालाही लावता येतो.

जीव नकोसा वाटतो का, असा प्रश्न विचारल्याने नसता विचार मनात येतो, ही भीती मात्र खरी नाही. विचारले म्हणून हलके वाटल्याचेच लोक सांगतात. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

आम्ही आधी भगताकडे गेलो होतो. ते सांगावे की लपवावे?

सांगावे. त्यावरून कोणी नाव ठेवणार नाही. नवस, उतारा, भगत, बडवा, मग गावातला डॉक्टर आणि शेवटी सरकारी दवाखाना, या वाटेने बहुतेक कुटुंबे जातात आणि ही वाट समजून घेणे हा अभ्यासाचाच विषय आहे. काही भगत स्वतःहून रुग्णाला दवाखान्यात पाठवतात; त्यांना सल्लागार गटात घेण्याबद्दल आमच्यातील डॉक्टरांचे आणि समाजशास्त्रज्ञांचे एकमत होत नाही. माझे मत असे की जो माणूस रुग्णाजवळ रात्रभर बसतो, त्याला बैठकीत खुर्ची द्यायला हरकत नसावी. मारहाण, चटके किंवा साखळीने बांधणे मात्र कोणाच्याही श्रद्धेच्या नावाखाली चालवून घेतले जाणार नाही.

शेजारच्या गावाला समुपदेशन आधी आणि आम्हाला वर्षभराने, हा कोणता न्याय?

उपाय खरोखर उपयोगी पडतो की नाही हे कळण्यासाठी तुलना लागते, आणि तुलना प्रामाणिक राहावी म्हणून कोणते गाव आधी हे संशोधकाच्या मर्जीने नव्हे तर चिठ्ठीने ठरते. चिठ्ठी सर्व गावांच्या प्रतिनिधींसमोर, एखाद्या लहान मुलाच्या हाताने काढावी. संगणकाने काढली तर ती निर्दोष असते, पण गावाचा विश्वास बसत नाही. थांबलेल्या गावालाही नेहमीचे सर्व उपचार मिळतात आणि आजारी आढळलेल्या व्यक्तीला तपासणीसाठी लगेच पाठवले जाते.

अशा कामाचा उपयोग झाल्याचा काही पुरावा आहे का?

आहे, आणि त्याच्या मर्यादाही आहेत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला, त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी बोलणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे वाढ मोठी झाली, तरीही दहातले सात जण उपचाराविना राहिले. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या ‘मानस’ अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांमुळे सरकारी आरोग्य केंद्रांतील रुग्ण अधिक संख्येने बरे झाले. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. खानदेशात घाट आहेत, स्थलांतर आहे, बोली वेगळ्या आहेत, त्यामुळे अमरावतीचे किंवा गोव्याचे उत्तर येथे जसेच्या तसे लागू पडेल असे धरून चालता येत नाही.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. मग आमचा समावेश कसा होणार?

हा प्रश्न संशोधकांनी स्वतःला विचारायला हवा होता, पण तो बहुतेक वेळा कुटुंबांनाच विचारावा लागतो. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत आणि इतरत्र तोडीला जातात. डिसेंबरात गेलेल्या पथकाला पाड्यावर म्हातारी माणसे, लहान मुले आणि कुलपे सापडतात आणि अहवालात ‘तरुण गटाचा प्रतिसाद कमी’ असे वाक्य येते. होळीला मात्र डोंगर भरून जातो, कारण भोंगऱ्या बाजार आणि होळी चुकवून चालत नाही. त्या आठवड्यात मुलाखती घ्याव्यात का? नाही, सण हा सण असतो. पण भेटीची वेळ ठरवण्यासाठी आणि परतीचा फोन क्रमांक घेण्यासाठी ते दिवस सर्वांत चांगले. कपाशी वेचणीच्या किंवा केळीच्या कामाच्या भागात सकाळी अकराला दार वाजवण्यापेक्षा संध्याकाळी भाकरी झाल्यावर जाणे बरे.

मुलाखतीचे पैसे मिळतात का?

बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च भरून दिला जातो. किती, हे नीतिसमितीने आधी मान्य केलेले असते. केवळ पैशासाठी मन मारून हो म्हणावे लागेल इतकी मोठी रक्कम ठेवता येत नाही.

आशाताईंनाच हे कामही का?

२००५ पासून गावाच्या आरोग्याचे जवळजवळ प्रत्येक नवे काम आशाताईंच्या नोंदवहीत एक नवा रकाना होऊन आले आहे. संशोधनाचे काम त्यांच्यावर टाकायचे असेल तर वेगळा मोबदला, वेगळे प्रशिक्षण आणि ‘नाही’ म्हणण्याची खरी मुभा असली पाहिजे. दुसरी अडचण अशी की आशाताई त्याच गल्लीत राहतात. गरोदरपणाची नोंद त्यांना सांगणे वेगळे आणि नवऱ्याने हात उचलल्याचे सांगणे वेगळे. म्हणून नाजूक मुलाखती दुसऱ्या गावातील कार्यकर्त्या घेतात, आणि घरी पहिल्यांदा ओळख करून देण्यापुरती आशाताईंची सोबत घेतली जाते.

निष्कर्ष आम्हाला कधी आणि कसे कळतात?

पूर्वी ते कळतच नसत. इंग्रजीतला शोधनिबंध हा गावाला दिलेला हिशेब होत नाही. आता आमची रीत अशी आहे की काहीही छापायला पाठवण्याआधी मुख्य निष्कर्ष कापडी तक्त्यांवर काढून गावात वाचून दाखवायचे आणि हरकती लिहून घ्यायच्या.

अशाच एका वाचनात, महिन्यांप्रमाणे ताण दाखवणारा तक्ता भिंतीवर लावला होता आणि पावसाळ्यातील उंच भागाकडे बोट दाखवून मी पीक, पाऊस आणि आजार यांविषयी समजावत होतो. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका बाईंनी मध्येच विचारले, “त्याच महिन्यांत मुकादमाची उचल घेतली जाते, ते कुठे लिहिले आहे?” ते कुठेच लिहिलेले नव्हते. पुढच्या हंगामाचा घाम आधीच विकला गेल्याची ती टोचणी होती आणि आमच्या प्रश्नावलीत कर्जाचा प्रश्न फक्त बँक आणि सोसायटीपुरता होता. पुढच्या फेरीत उचलीचे चार प्रश्न जोडले गेले आणि ते प्रश्न त्या बाईंनीच आपल्या शब्दांत सांगितले.

मी जळगाव किंवा धुळ्याला शिकतो. असा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात कोठून करावी?

महाविद्यालयाच्या संस्थात्मक नीतिसमितीपासून नव्हे, तर त्याआधी दोन महिने गावात फिरण्यापासून. नीतिसमितीची मान्यता अनिवार्य आहेच. तिच्यात डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी, समाजशास्त्र जाणणारी आणि सामान्य नागरिक म्हणून एक व्यक्ती असते, आणि मान्यता मिळण्यापूर्वी एकही मुलाखत नोंदवता येत नाही. पण गावाशी ओळख नसताना लिहिलेला प्रस्ताव समितीपुढे टिकला तरी गावात टिकत नाही. पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत पूर्ण सहभागी अभ्यास बसवणे कठीण आहे. त्यापेक्षा एकाच गावात, एकाच प्रश्नावर, वीस कुटुंबांशी पुन्हा पुन्हा बोलून केलेले काम जास्त उपयोगाचे ठरते. मार्गदर्शक नमुन्याचा आकार वाढवायला सांगतील. त्यांना गुणात्मक अभ्यासात नमुना वेगळ्या रीतीने ठरतो हे नम्रपणे, लेखी आधारासह दाखवावे.

तक्रार असेल तर कोणाकडे करावी?

संमतीपत्राची एक प्रत कुटुंबाकडे राहिली पाहिजे. तिच्यावर दोन क्रमांक असतात: एक मुख्य संशोधकाचा आणि दुसरा नीतिसमितीच्या सदस्य सचिवांचा. तक्रार संशोधकाविषयीच असेल तर सरळ दुसरा क्रमांक लावावा; तोंडी तक्रारही चालते आणि नाव सांगण्याची सक्ती नसते. प्रत दिलीच नसेल तर तीच पहिली तक्रार समजावी. पावसात भिजली किंवा चुलीत गेली असेल, असेही होते, तर आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात ठेवलेल्या संचिकेतून दुसरी प्रत मागून घ्यावी. तिला पैसे लागत नाहीत.